नवव्या फरशीवरचं नाव

तुम्ही काय करता असं कोणी विचारलं, की आमच्या सासूबाई "देवाच्या घरची फरशी" एवढंच सांगायच्या. म्हणजे चर्चची साफसफाई. सासरे गेले तेव्हा माझा नवरा चार वर्षांचा होता. म्हाताऱ्या फादरांनी बोलावून सासूबाईंच्या हातात काथ्याचा ब्रश आणि बालदी दिली, ती बत्तीस वर्षं सुटली नाही.

दर शनिवारी गुडघ्याखाली गोणपाटाची घडी, बालदीत गरम पाणी आणि त्यात मूठभर धुण्याचा सोडा. वेदीपासून सुरुवात, बाजूच्या दाराशी शेवट. त्या दारातून सगळं गाव चिखलाचे पाय घेऊन आत येतं, म्हणून तिथे दोनदा घासायचं. घासण्याचं त्यांना वेडच होतं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझ्या आहेरातल्या नॉनस्टिक तव्याचा काळा थर त्यांनी तासभर खपून काढला आणि "कसला जळका होता गं, आता बघ," म्हणून चकचकीत तवा माझ्या हातात ठेवला. मी तोंडात आलेले शब्द गिळले. सगळे नाही गिळता आले.

गेल्या वर्षी आमचं चर्च वारसा वास्तू ठरलं. समिती झाली, निवृत्त हेडमास्तर तिचे अध्यक्ष झाले, आणि जुन्या इमारतींचं जतन करणाऱ्या एक बाई बाहेरून आल्या. सासूबाई त्यांना पहिल्या दिवसापासून "जतनवाल्या बाई" म्हणायला लागल्या. पहिली सभा चर्चमध्येच भरली. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर बसलो होतो. बाईंनी सांगितलं, की फरशीत नऊ कबरींच्या शिळा आहेत, तीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे चर्च उभारलं त्या घराण्यांतल्या लोकांच्या. त्यांच्यावर नावं कोरलेली होती. मग त्यांनी विचारलं, "या शिळा घासायचं कोण?"

सासूबाई ताडकन उठल्या. शाळेतल्यासारखा हात वर केला. "मीच! बत्तीस वर्षं. एक शनिवार चुकला नाही."

त्यांना वाटलं, आता टाळ्या पडतील. हेडमास्तर छताकडे बघायला लागले. बाई बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. हळूच म्हणाल्या, "आई, सोडा दगड खातो. अक्षरं गेलीत."

सासूबाईंचा हात तसाच वर राहिला. शेवटी मीच तो खाली घेतला.

घरी आल्यावर त्यांनी मला भंडावून सोडलं. "म्हणजे मी चांगलं केलं का वाईट?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, घासू नका म्हणून?"

"उलट फादर म्हणायचे, तुझी फरशी बघून देव खूश होतो."

"मग झालं तर."

"झालं कसं? देव खूश होता, मग बाई का नाही?"

मला राग आला तो त्या सभेतल्या सगळ्यांचा. बत्तीस वर्षांत यातला एकही जण बालदी धरायला आला नव्हता.

जतनवाल्या बाई मात्र कामाच्या पक्क्या. त्या चक्क फरशीवर पालथ्या पडायच्या आणि टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरायच्या. तिरप्या उजेडात पुसट अक्षरांच्या सावल्या उठायच्या. अशी आठ शिळांची नावं त्यांनी वाचली. नववी शिळा बाजूच्या दाराशी होती, दोनदा घासलेली. तिथे काहीच उरलं नव्हतं. चर्चच्या जुन्या दफनांच्या वहीत नोंद असणार, पण त्या पानाचा ओलीने चिकटून लगदा झाला होता. तेवढ्यात कोणाला तरी आठवलं, की म्हातारे फादर हयात असताना सासूबाईंशी गप्पा मारता मारता त्यांना नावं वाचून दाखवायचे. बाई आपली वही-पेन घेऊन आमच्या घरी आल्या.

"लहान मूल आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "नाव फादरांनी सांगितलं होतं. पण दोन नावं येतात तोंडात. एक मुलाचं, एक मुलीचं. यातलं एक त्याचं. दुसरं फादर कुठल्या तरी गोष्टीत सांगायचे."

पुढचे आठ दिवस घरात नुसता गोंधळ. सकाळी त्यांची खात्री असायची, की मुलगीच. दुपारी मुलगा. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मला म्हणायच्या, "तूच सांग, कुठलं खरं वाटतं?" मी कधी हे सांगायचे, कधी ते, आणि त्या आणखी गोंधळायच्या. त्यांच्याबरोबर मीही गोंधळले. त्या नसलेल्या पोराला मी मनातल्या मनात कधी फ्रॉक घालायचे, कधी चड्डी.

नऊ शिळांची नावं लिहिलेला फलक चर्चमध्ये लावायचा होता आणि हेडमास्तर त्याच्या घाईत होते. ते घरी येऊन म्हणाले, "अहो, एक सांगून टाका. एवढ्या जुन्या पोराचं नाव कोण तपासायला येणार आहे?"

"वर गेल्यावर त्याची आई भेटेल," सासूबाई म्हणाल्या. "तिला काय सांगू, मास्तर?" मास्तर चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बाईंकडे गेल्या. मी सोबत होतेच. "नाव आठवत नाही," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. पण लिहा, की इथे एक लेकरू आहे आणि त्याचं नाव मी पुसलं. माझं नाव खाली घाला."

बाईंनी वही मिटली. "असं नाही लिहीत, आई. फलकावर कोणाला दोष देत नाहीत."

महिन्याभराने फलक लागला. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. "नववी शिळा एका बालकाची आहे. नाव काळाच्या ओघात पुसले गेले."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"काळाच्या ओघात?"

"हो."

"तो कधी आला होता घासायला?"

मला हसू फुटलं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि ते जागच्या जागी थांबलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाईंनी मला वाचवलं का गं, का बुडवलं? काही कळत नाही मला. पुसलं मी, आणि लिहिलं काळाचं नाव. मग त्या लेकराची माफी कोण मागणार, सूनबाई? काळ?"