त्यांच्याकडे वीज जात नाही

लग्न होऊन धुळ्याहून पहूरला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन कॉम्प्युटरही आले. एक कंपनीचा लॅपटॉप, ज्यावर घरबसल्या नोकरी चालते. दुसरा माझा स्वतःचा, टेबलाखाली ठेवायचा, जुना आणि सतत घरघरणारा. सासूबाईंनी वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याले काही दुखते का?"

त्या दुसऱ्यावर मी नोकरीबाहेरचं काम करते. जगभरातले लोक मिळून काही सॉफ्टवेअर लिहितात. ते कुणीही फुकट वापरावं, उघडून आत बघावं, बिघडलं तर दुरुस्त करून परत द्यावं. त्यातला एक छोटासा प्रोग्रॅम मला आवडायचा. कॉम्प्युटर सुरू झाला की तो वायरीतून राउटरकडे जातो, "मला एक पत्ता द्या" म्हणतो, आणि पत्ता मिळाला की इंटरनेट चालू होतं. सगळं सुरळीत असेल तर तो आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही. घरातल्या सुनेचंही तसंच असतं, असं मी एकदा म्हणाले. सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नाना पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तू आली हे तं बठ्ठ्या गल्लीले माहीत आहे."

पहूरला आल्यावर हा प्रोग्रॅम रुसू लागला. वीज जायची, यायची, राउटरचे दिवे लागायचे, नानांच्या मोबाइलवर बाजारभाव दिसायला लागायचे, आणि माझा कॉम्प्युटर मात्र नेटविना बसून राहायचा. पुन्हा बंद-चालू केला की ठीक. "राउटर इन्व्हर्टरवर घे ना," सगळे म्हणाले. राउटर पुढच्या खोलीत होता आणि इन्व्हर्टरची लाइन फक्त माझ्या खोलीपर्यंत. वायरमनला बोलावलं तर तासाभराचं काम. पण मी हटून बसले. बिघाड प्रोग्रॅमचा, मग दुरुस्ती घराची का?

"बग आहे त्यात," मी म्हणाले. "म्हणजे किडा."

नानांची कपाशी आणि केळी. किडा म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. "पानावर की बोंडात?"

हा प्रोग्रॅम मुळात लिहिणारे आणि अजूनही सांभाळणारे गृहस्थ उत्तरेकडच्या एका थंड देशात राहतात. मी त्यांना सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं: "मी वायर काढली, परत घातली. सगळं व्यवस्थित चालतं. आपल्याला होणारा त्रास मला दिसत नाही." मी पुन्हा लिहिलं की वायर नव्हे, वीज जाते. त्यावर त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, "का जाते?"

हे वाचून दाखवल्यावर घरात त्यांचं नाव बर्फवाले पडलं. नाना म्हणाले, "त्याले म्हना, पहूरले ये. दोन दिवस राय. आपोआप दिसंन."

बर्फवाल्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे वीजच जात नाही, तर ते तरी काय बघणार? मग मी माहेरी धुळ्याला गेले तेव्हा कॉम्प्युटर गाडीत घालून बरोबर नेला, म्हटलं निवांतपणे किडा पकडू. आईच्या घरी वीज गेली, आली, आणि नेट जसंच्या तसं. पुन्हा गेली, पुन्हा आली, काहीच नाही. आई पोळ्या लाटता लाटता हसायला लागली. "हाऊ रोग तुना सासरनाच शे, आमना घर नही."

मला राग आला, पण तिच्या टोमण्यातच उत्तर होतं. दोन घरांत फरक काय? आईकडे राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर. पहूरला फक्त कॉम्प्युटर, आणि तिथला इन्व्हर्टर म्हातारा. वीज जाताच तो असा हिसका देतो की कॉम्प्युटर एकदा बंद होऊन लगेच सुरू होतो. सुरू होताच प्रोग्रॅम पत्ता मागायला जातो, तर राउटर मेलेला. थोडा वेळ वाट बघतो आणि सोडून देतो. नंतर वीज येते, राउटर जिवंत होतो, पण हा परत मागायला जातच नाही. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, म्हणून परत फिरलेला जावई जसा. मागून हाका मारल्या तरी वळून बघायचा नाही. बर्फवाले वायर काढून घालत होते ती कॉम्प्युटर चालू असताना, पत्ता खिशात असताना. त्यांना रुसवा दिसणार कसा?

पहूरला परत आल्यावर हे सिद्ध करायचं ठरलं. वीज कधी जाईल याची वाट बघायची एरवी गरज पडत नाही, पण त्या आठवड्यात ती हट्टानं जाईना. शेवटी रविवारी दुपारी नाना ओसरीवरच्या मेन स्विचपाशी उभे राहिले, सासूबाई राउटरसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि मी आतल्या खोलीत.

"बंद करा!" मी ओरडले.

"केलं!"

"आई, दिवे?" मी सासूबाईंना विचारलं.

"सगळे गेले. माझी मालिकाबी गेली!"

"आता चालू करा!"

"हिरवा लागला. दुसरा डोळे मिचकावते. थांब... लागला!"

माझ्याकडे नेट नाही. मी आनंदानं टाळी वाजवली. बिघाड झाला म्हणून नाचणारी सून सासूबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

आम्ही तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "नाना, तुमचीच लाइट काऊन जाऊ रायली? आमची तं आहे."

"किडा सापडत नव्हता," नाना म्हणाले, "आता सापडला."

काकूंनी खालीवर पाहिलं. "मंग फवारा ना काहीतरी." संध्याकाळपर्यंत आमच्या घराला वाळवी लागल्याची बातमी गल्लीभर झाली होती.

दुरुस्ती तशी थोडक्यात झाली: वायरीत जीव आला की पुन्हा एकदा पत्ता मागायचा. खरं काम त्यानंतर. बर्फवाल्यांनी माझ्या दुरुस्तीवर एकामागून एक शेरे मारले. ही ओळ फार लांब आहे. या वाक्याला पूर्णविराम नाही. इथे एक मोकळी जागा जास्त पडली आहे. दुरुस्ती बरोबर आहे की नाही, याबद्दल अक्षर नाही. मी सासूबाईंकडे तक्रार केली. त्या तेव्हा मला खापरावरचे मांडे शिकवत होत्या आणि माझा तिसरा मांडा हातातच फाटला होता.

"बरोबर करते तो," त्या म्हणाल्या. "चव मंग पाहू. आधी कडा सारख्या कर."

मी कडा सारख्या केल्या, दोन्हीकडच्या. काही दिवसांनी उत्तर आलं: "घेतली. आभार." मी नानांना वाचून दाखवलं.

"एवढंच?" नाना म्हणाले. "नारळ नाही, टोपी नाही?"

पण त्या दुरुस्तीच्या वर, सगळ्या जगाला दिसेल अशी, बर्फवाल्यांनी एक ओळ लिहिली होती: ज्या घरांत वीज जाते आणि राउटर उशिरा उठतो, अशा घरांसाठी. ती ओळ मी नानांना मराठीत सांगितली. ते उठून शेतात गेले. पुढे कळलं की पारावर त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा दुरुस्ती अर्धी मी केली होती आणि अर्धी मेन स्विचनं.

मग एकदा बर्फवाल्यांचाच निरोप आला. वीज जाणाऱ्या देशांतून येणाऱ्या तक्रारी तुम्ही बघाल का, जरा समोरासमोर बोलू या. आमच्याकडे संध्याकाळ व्हायच्या बेताला व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर साठीच्या पुढचे, स्वेटर घातलेले, लाजाळू गृहस्थ. मागच्या खिडकीत पांढरंशुभ्र. ते म्हणाले, हा प्रोग्रॅम त्यांनी पहिल्यांदा लिहिला तो तळघरातलं नेट सारखं जायचं आणि बायको चिडायची म्हणून. मी तक्रारी बघायला हो म्हणाले. नाना आणि सासूबाई माझ्या खांद्यामागे उभे होते. नानांनी हात जोडले, तर त्यांनीही गडबडीनं जोडले.

तेवढ्यात त्यांच्या घरात आतून एका बाईचा चढा आवाज आला. ते मागे वळून काहीतरी पुटपुटले. तोच आवाज पुन्हा, आणखी चढा.

"काय म्हणते ती?" सासूबाईंनी विचारलं.

"भाषा मलाही येत नाही," मी म्हणाले, "पण त्यांच्याकडे दुपार आहे. जेवायला बोलावत असेल."

सासूबाई पुढे झाल्या आणि पडद्याजवळ तोंड नेऊन, शुद्ध पहूरच्या बोलीत त्यांना म्हणाल्या, "जा बाबा, जेवून घे आधी. थंडं होऊन रायलं असंन."