क्रंपेट तो, ती की ते? नानांना बर्मिंगहॅम दाखवताना

नाना येणार हे नक्की झाल्यावर मी आधी माझी भाषा आवरायला घेतली. घर काय, नंतरही आवरता येतं.

नाना म्हणजे माझे थोरले काका. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, निवृत्त होऊनही शिकवायचे थांबले नाहीत. फोनवर मी म्हणाले, "नाना, हीथ्रोवर मी तुम्हाला पिकअप करते."  पलीकडून प्रश्न आला, "मी काय पार्सल आहे?"

पण मला घोर लागला होता तो ईराचा. ईरा माझी मुलगी, वय दहा, जन्म बर्मिंगहॅमचा. आदल्या वर्षी साताऱ्याच्या एका लग्नात तिने भर पंगतीत विचारलं, "माझा आई कुठे गेला?" भावंडांनी ते वाक्य लग्न संपेपर्यंत पुरवून पुरवून वापरलं. घरी परतल्यावर बाईसाहेबांनी मराठीला रजा दिली. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार चालू होता. नाना त्या पंगतीत दोन पानं पलीकडे जेवत होते. हसले नव्हते, पण काही बोललेही नव्हते. आता तेच नाना दोन आठवडे घरात. पोरीने तोंड उघडलं तर ते चूक काढणार, आणि त्यांनी चूक काढली की ती कायमची गप्प होणार. माझी दोन्हीकडून पंचाईत.

हीथ्रोहून बर्मिंगहॅमला यायला कोच उत्तम. तिकीट आधी काढा, स्वस्त पडतं. आयत्या वेळी काढलंत तर ड्रायव्हर आपल्याला विमानाने नेतोय की काय असं वाटेल. नाना मोटरवे बघत राहिले. कोच स्टँडवर उतरल्यावर चहूकडे नजर टाकून म्हणाले, "इंग्लंडातलं दुसरं मोठं शहर ना हे? कऱ्हाडचा स्टँड बरा." ईरा त्यांना "हाय" म्हणाली होती, त्यानंतर तिच्या कानात वायरी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रंपेट भाजले. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: घावनाचं जाडजूड विलायती भावंड, वर भरपूर जाळी, त्यात लोणी मुरवून खायचं. नाना छत्री मांडीवर घेऊन टेबलाशी बसले होते. साताऱ्याच्या पावसात वाढलेला माणूस, इथल्या आभाळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"हे काय?"

"हा क्रंपेट."

"हे क्रंपेट," नानांनी दुरुस्ती केली.

मी ऐकून घ्यायला हवं होतं. पण मी इतकी वर्षं या देशात कर भरतेय. म्हटलं, नाना, इथे आम्ही 'तो'च म्हणतो. नाना म्हणाले, बिस्किट ते, सँडविच ते, मग हेच काय पुरुष लागून गेलंय? मी 'तो केक' काढला, त्यांनी 'ते आम्लेट' काढलं. माझ्या नवऱ्याने हे बघून बॅग उचलली आणि तो रोजच्यापेक्षा लवकर ऑफिसला गेला. लोणी वितळून गार झालं तरी आमचा निकाल लागेना.

सोफ्यावरून आवाज आला, "इट्स अ शी. ऑब्व्हियस्ली."

नाना सावकाश वळले. "हे बघ, टेबल 'ते' का? कुणीतरी पहिल्यांदा तसं म्हणालं आणि बाकीच्यांनी ऐकलं. क्रंपेट तुझ्या गावची. तू म्हणशील ते. पण निकाल मराठीत द्यावा लागतो, आणि कारण सांगावं लागतं."

ईराने एक वायर काढली. मी भांडी घासत असल्याचं नाटक करत होते.

"ती क्रंपेट," ती म्हणाली. "कारण तिला खूप भोक आहे आणि तो सगळा लोणी पिते."

त्या वाक्यातल्या चुका मोजायला मला दोन्ही हात लागले असते. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा छत्रीच्या मुठीवर इतका रुतला होता की नख पांढरं पडलं.

"कारण पटलं," नाना म्हणाले. "स्त्रीलिंगी. वाढ आणखी एक."

त्या दिवशी आम्ही अकरा नंबरची बस धरली. बर्मिंगहॅमला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझा हाच सल्ला: दिवसाचं तिकीट काढा, चार-साडेचार पौंड, आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. ही बस शहराला पूर्ण प्रदक्षिणा घालून दोन-अडीच तासांनी जिथून निघालो तिथेच आणून सोडते. पाहुणा दमतो, आपण काहीही न चालता कर्तव्य पार पाडतो. मात्र सुटे पैसे न्या, ड्रायव्हर मोड देत नाही. नानांनी पाच पौंडांची नोट पेटीत सरकवली आणि उरलेल्या पैशांसाठी हात पुढे करून उभे राहिले. मागची रांग इंग्रजीत खाकरली.

आमच्या हार्बर्नहून निघालो. ईरा मधे बसली होती आणि नाना एकेका गोष्टीकडे छत्री रोखत होते. राउंडअबाउट?

"तो. कारण सगळे त्याच्या गोल गोल जातात आणि तो काहीच काम नाही करते."

नाना इतके हसले की पुढच्या काचेवर वाफ धरली. चाकं लावलेला कचऱ्याचा डबा, म्हणजे व्हीली बिन, 'ते' ठरलं, कारण ते कुणालाच नको असतं. बोर्नव्हिलला तिथल्या कारखान्यातून चॉकलेटचा वास आला. वास मुळातच पुल्लिंगी, त्यामुळे तिथे खटला चालला नाही. ईरा चुकत होती, अडत होती, मधेच इंग्रजीत घसरत होती आणि परत येत होती. नाना प्रत्येक चुकीला छत्रीची मूठ दाबत होते. देशी दुकानांच्या हँड्सवर्थला उतरून जिलबी खाल्ली तेव्हा मुठीला गुंडाळलेल्या वेताची एक पट्टी सुटून लोंबत होती.

बाकी शहरही दाखवलं. बुलरिंग बाजारातला ब्राँझचा बैल, शेजारची चकचकीत थाळ्या ठोकलेली इमारत, आणि व्हेनिसपेक्षा जास्त म्हणून मिरवले जाणारे कालवे. "मोजले कुणी?" असं नानांनी विचारलं. संध्याकाळी बाल्टी, म्हणजे लोखंडी कढईतून येणारी इथली करी, खाल्ली. टेबलाएवढा नान आला. "बादली स्त्रीलिंगी, म्हणजे बाल्टीही," म्हणत ईराने तो निम्मा संपवला.

शनिवारी इथल्या मराठी मंडळातल्या एका घरी जेवण होतं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि मुलांच्या शाळांबद्दल विनयाने बढाया मारायच्या, असा आमचा रिवाज. मी ईराला कानात सांगून ठेवलं होतं, हवं तर इंग्रजीत बोल. पण ती नानांचा हात धरून आत शिरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा माझा आजोबा आहे. सातारातून आली."

बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले नागपूरचे एक गृहस्थ आहेत. त्यांची स्वतःची मुलं मराठीचा 'म'ही काढत नाहीत, त्यामुळे इतरांच्या मुलांसाठी त्यांच्याकडे भरपूर वेळ असतो. ते हसले, मग आणखी तिघे-चौघे हसले. "अगं, माझा आजोबा काय? माझे आजोबा म्हणतात."

ईराचा चेहरा मला ओळखीचा होता. पंगतीतला. तिने हात सोडवून घ्यायला सुरुवात केली होती.

नानांनी तो सोडला नाही. "ती मराठी बोलली, हे तुमच्या लक्षात आलं का?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. "आणि राहिलं 'माझा'. तिच्याकडे आजोबा एकच आहे, तोही इतक्या लांबून आलेला. एकवचन चालेल."

गृहस्थ पुलावाकडे वळले. नाना वाकून ईराला म्हणाले, "क्रंपेट आणलीय का बघ कुणी."

क्रंपेट नव्हती. पण ईरा शोधायला गेली, आणि विचारत गेली ती मराठीतच.

दोन आठवडे संपले. कोचने हीथ्रो, मिठ्या, नानांच्या सामानात क्रंपेटची चार पाकिटं. टिकणार नाहीत असं मी सांगून पाहिलं. परतताना ईरा झोपली. घरी टेबलाशी नानांची छत्री राहिलेली दिसली. न्यायची विसरले की मुद्दाम ठेवली, ते मी विचारलेलं नाही. वाचकहो, अकरा नंबरचा फेरा तुम्हालाही अडीच तासांतच पुरा होईल. आमच्या फेऱ्यात मात्र घरात वर्षभर बंद असलेली भाषा पुन्हा चालू झाली. अशुद्ध, पण चालू.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. मी काही म्हणायच्या आत ईरा पुढे झाली.

"आजोबा, तू पोचली का?"

मी डोळे मिटले. नानांजवळ आता दाबायला छत्रीची मूठही नव्हती.

"पोचली गं बाई," साताऱ्याहून आवाज आला. "सुखरूप पोचली."