वाल्वचं मशीन आणि सातचा पाढा

माझ्या नवऱ्याचं मशीन वाल्वचं होतं, म्हणून मी जिवंत राहिले. आताच्या मशीनसारखं बटण दाबलं की बोंबललं, असं ते नव्हतं. आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे वाल्व, तापून लाल व्हायला वेळ लागायचा. मी चौथी शिकलेली. सातचा पाढा सावकाश म्हटला की सत्तरला आवाज यायचा.

जळकोटला हायवेच्या कडेला आमचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, जत्रा असो, भोंगा आमचाच आणि त्याचा आवाज वाढवणारं मशीनही आमचंच. घर दुकानाच्या मागं. एक भोंगा कायमचा पत्र्यावर बांधलेला होता, रस्त्याकडं तोंड करून. नवऱ्याला मारायची लहर आली की तो आधी मशीन लावायचा. गाणं मोठ्यानं सुरू झालं की मग हात उचलायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नळ्या तापेपर्यंत तो घड्याळ काढून खुंटीला अडकवायचा, बाह्या दुमडायचा. तेवढ्यात जमलं तर मी पोराला काखेत मारून परसदारानं निघायची. सात चोक अठ्ठावीसला दाराची कडी, सात सक बेचाळीसला कुंपण. पोर झोपलेलं असलं तर जमायचं नाही. मग सत्तर झाले की सुरू. मारायचा स्पीकरच्याच वायरीनं. ती दुहेरी असते. एका फटक्यात दोन वळ उठतात.

तो दारू पिऊन पडायचा तेव्हा लग्नातलं मशीन मीच सांभाळायची. दोन गोष्टी त्यानं मला मुस्काटात मारून शिकवल्या. एक, आवाज फाटता कामा नये. बटण जास्त पिळलं की नवरीच्या मामाचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा येतो आणि लोक शिव्या देतात. म्हणून आवाज जिथं फाटायला लागतो तिथं मी बटणाच्या कडेला सुईनं ओरखडा काढून ठेवला. दुसरी, भोंग्याची वायर जोडल्याशिवाय मशीन वाढवायचं नाही. आवाजाला बाहेर जायला वाट नसली की तो आतल्या आत ट्रान्सफॉर्मर जाळतो.

मग एकदा त्यानं पोरावर वायर उचलली. पोर पाच वर्षांचं होतं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला यायच्या आधी मी मशीनच्या मागून भोंग्याची वायर काढून ठेवली आणि पोराला पाण्याच्या टाकीकडं खेळायला पाठवलं.

दुपारी कालवणात मीठ जास्त निघालं. त्यानं मशीन लावलं, घड्याळ काढलं. मी पळाले नाही. सत्तर झाले. आवाज नाही. त्यानं बटण वाढवलं, ओरखड्याच्या पुढं नेलं, शेवटपर्यंत पिळलं. मशीनच्या पोटातून करपल्याचा वास आला, धूर आला, नळ्या विझल्या. त्याला कळलं. तो वायर घेऊन माझ्याकडं वळला.

माझ्या पाठीवर पडणाऱ्या वायरीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आधी सूं, मग सट्. डावा हात आडवा घातला तर त्यानं दोन बोटं धरून मागं वाकवून मोडली. आणि तेवढ्यात शेजारीण दारात येऊन उभी राहिली. हातात सूप होतं. म्हणाली,

"का गं, आज गाणं न्हाय लावलं?"

इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. गाणं लागलं की शेजारी आपली दारं लावून घ्यायचे. भोंगा गावाला काही लपवत नव्हता, उलट दवंडी पिटत होता. मला नवऱ्यापेक्षा त्या सूपवालीचा राग जास्त आला. पण हाताशी नवरा होता. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. आधी कट् वाजलं, मग धप्. तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. जावा असं मला वाटलंही नाही.

तो जन्मभर लंगडला. नंतर त्यानं हात उचलायचा सोडला, असं नाही. पण वरवंटा मी उंबऱ्यात ठेवायची आणि तो आधी तिकडं बघायचा. मेला तेव्हा मी रडले नाही. दुकान मोडलं. मशीन पोत्याखाली पडून राहिलं.

ते माझ्या नातीनं बाहेर काढलं. नात पुण्यात नोकरी करते. तिघी पोरी मिळून काळे कपडे घालून बोंबलतात, त्यात ही गिटार वाजवते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा मशीन बघून तिचे डोळे मोठे झाले. असल्या मशीनचा आवाज तिला विकत मिळत नव्हता म्हणे. महिन्याभरात त्या तिघींचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं आणि हिच्या गिटारीला जोर येत नव्हता. लोहाऱ्याच्या मोटारवाइंडिंगवाल्याकडून तिनं जळलेल्या ट्रान्सफॉर्मरला नवी तार भरून आणली.

मी तिला एवढंच सांगितलं, "तुझ्या आज्याचं मशीन हाय. त्याचा आवाज मला सोसला तर घेऊन जा. न्हाय सोसला तर पहारीनं फोडणार."

"आजी, फोडायचं कशाला? विकत दे."

"इकायचं न्हाय. एक तर वाजंल, न्हाय तर फुटंल."

मी खरंच पहार आणून भिंतीला टेकवली. पोरगी हसली. मी हसले नाही.

तिच्याकडं तेव्हा दुसरा स्पीकर नव्हता. तिनं पत्र्यावरचा तो जुना भोंगा उतरवला, मशीनला जोडला, गिटार माइकच्या भोकात खुपसली आणि बटण दाबलं. मी परसदारापाशी तांदूळ निवडत होते. सात एके सात. माझे पाय आपोआप उठले. सात चोक अठ्ठावीसला हात कडीवर होता. सत्तरला भोंगा किंचाळला. गाणं नव्हतं, पण गळा तोच. तसाच कर्कश, दातावरून पत्रा ओढल्यासारखा. माझ्या पाठीची कातडी आवळली.

मी उलटी मशीनपाशी गेले. पहार उचलली. नात मशीनपुढं आडवी झाली.

"आजी, थांब! आजी!"

मी आधी बटण बंद केलं. चालू मशीनचा भोंगा फोडला तर ट्रान्सफॉर्मर परत जळला असता. मग भोंगा पायानं बाहेर लोटला आणि अंगणात पहारीनं हाणायला सुरुवात केली. पहिल्या घावाला तो नुसता चेमटला. तिसऱ्याला कड फाटली. मागचं डबडं फुटून आतलं लोहचुंबक बाहेर पडलं, त्यावर पण घातली. दम लागेपर्यंत हाणलं. रस्त्यावरचा जीपवाला थांबून बघत होता. त्याला म्हटलं, "तुझ्या बापाचा हाय का? व्हय पुढं." तो गेला.

नात पायरीवर बसली होती. तिला मी सगळं सांगितलं, वायर, पाढा, वरवंटा. तिनं पायाशी पडलेलं लोहचुंबक उचललं. मग म्हणाली, "बाबा तर म्हणायचे, आजोबांना बैलानं पाडलं."

"बैल गरीब होता. त्याच्या नावावर कशाला?"

"आणि मशीन?"

"आवाज भोंग्याचा होता. मशीन राहू दे. दुसरा स्पीकर आण, मग बघू."

आठ दिवसांनी ती कागदी पडद्याचा मोठा स्पीकर लाकडी खोक्यात बसवून घेऊन आली. पहार भिंतीला तशीच होती. तिनं बटण शेवटपर्यंत पिळलं, तारा छेडल्या, आणि नुसता गारा बाहेर आला. एक सूर दुसऱ्यात कालवलेला. ती तासभर झगडली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"तुला काय पायजे?" मी विचारलं.

"फाटलेला आवाज पाहिजे. पण जड. पोटात बसला पाहिजे."

मी हसले. उभी हयात मार खाल्ला तो आवाज फाटू नये म्हणून, आणि हिला फाटलेलाच पाहिजे.

"मग सगळंच का फाडतीस? चिंधी झाल्यावर काय फाटणार? कापड हातात राहिलं पायजे, तवा फाटल्याचा आवाज येतो." मी तिचा हात बाजूला केला आणि बटण माझ्या ओरखड्यावर आणलं. तिथून थोडं पुढं, दोन केसांएवढं. "आता हाण."

सूर वेगळे झाले. फाटलेले, पण ज्याचा त्याचा चेहरा असलेले. तरी खाली घुमत होतं, पोट फुगलेल्या म्हशीसारखं. खोकं फरशीवर टेकलं होतं. ते आम्ही दोघींनी उचलून पाट्यावर ठेवलं. तिच्याजवळ पायानं दाबायची एक डबी होती. त्या डबीतून तिनं मशीनला जायच्या आधीच जाड आवाज कमी केला. मला वाटलं जोर जाईल. उलट वाढला. मग टोनचं बटण मी तीक्ष्ण बाजूला नेलं, थोडं थोडं, तिला एकच तार हाणायला लावून.

"तळहात तारांवर ठिव आणि मग हाण," मी म्हटलं. "नुसतं वाजू नको देऊ. आधी कट् आलं पायजे, मग धप्. वर मांस, आत हाड."

तिनं माझ्याकडं बघितलं. कशाचा आवाज मागतेय हे तिला कळलं होतं. खालची जाड तार तिनं तळव्याखाली दाबून हाणली. थोडं कमी. टोन अजून एक केस. परत हाणली.

कट्. धप्.

उतरंडीवरचं झाकण पडलं. माझ्या मोडक्या बोटांत कळ आली, आणि मी ती येऊ दिली.

"आजी, बंद करू का?"

"बटण बंद कर आणि पयल्यापासून लाव."

"का?"

"लाव म्हटलं ना."

तिनं मशीन बंद केलं. नळ्या थंड होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मग मी पहार उचलून गोठ्यात नेऊन ठेवली, येताना परसदाराची कडी आतून लावली आणि मशीनपुढं मांडी घालून बसले. बटण मी दाबलं. नळ्या हळूहळू लाल व्हायला लागल्या. मी मोठ्यानं पाढा म्हणायला लागले. नात गिटार गळ्यात घालून, हात वर धरून, माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. सात चोक अठ्ठावीस. सात सक बेचाळीस. सात नवे त्रेसष्ट.

"सात दाहे सत्तर," मी म्हटलं. "हाण."