मामाला कळलं तरच छापायचं

साल दोन हजार पंचवीस, मी पंच्याहत्तर वर्षांचा. सदलग्यात आमचं गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं आणि बेळगावच्या अनगोळहून भाचजावयांचा फोन आला, "मामा, पद्मा गेली." काहिलीतला रस उतू जायला लागला तरी मी फोन धरून तसाच उभा…

पद्मा माझ्या आक्काची लेक. बेळगावात इंजिनिअरिंगच्या पोरांना ब्लॉकचेन, म्हणजे गुपचूप खाडाखोड करता येत नाही अशी संगणकावरची वही, शिकवायची आणि त्यावर मराठीत पुस्तक लिहीत होती. बरोबरचे म्हणायचे, इंग्रजीत लिही, मराठीत हे जमायचं नाही. पण ती माझ्याच वळणाची, हट्टी. एकेक प्रकरण मला वाचून दाखवायची. दुसरी शिकलेल्या मामाला कळलं तरच छापायचं, हा तिचा नेम. 'हॅश'ला तिनं 'अर्क' म्हटलं. मजकूर केवढाही असो, त्याचा ठरल्या लांबीचा एवढासा अर्क निघतो. एक काना बदलला की अर्क सगळाच दुसरा. "आणि गुळाचा परत ऊस होतोय काय, मामा? तसा अर्कातनं मजकूर परत निघत न्हाय." हे मला पटलं.

अडलं ते डिजिटल सहीवर. ही सही म्हणे दर कागदाला वेगळी निघते. मी म्हणालो, "माझी सही जरा वाकडी आली तर बँकवाले परत धाडत्यात. दर बारीला बदलती ती कसली सही? मला कळलं न्हाय."

पुस्तक लिहितानाच ती आजारी पडली होती; तोवर तिचं दुखणं लई वाढलेलं. घरातले मला बाजूला घेऊन म्हणाले, कळलं म्हणा, पुस्तक तिच्या डोळ्यांदेखत निघू दे. मी ऐकलं नाही. बरी होशील, असं सगळेच तिला सांगत होते. निदान माझ्याकडनं तरी तिला खरं ऐकायला मिळावं.

तिनं अंथरुणात बसून ते प्रकरण परत लिहिलं. "मामा, बँक तुमची सही जुन्या सहीशी जुळवती. इथं मजकुराचा अर्क आणि तुमची गुपित किल्ली मिळून सही निघती. मजकूर बदलला की सही बदलायचीच. ती किल्ली कुणाला दावायची न्हाय. तपासायची किल्ली वेगळी, ती गावभर वाटा."

मी विचारलं, "म्हंजे माझी सही उचलून कुणी दुसऱ्या कागदावर डकवली तर?"

"जुळणारच न्हाय."

"आता कळलं."

"खरं?"

"मी कधी उगंच व्हय म्हटलंय?"

लई दिवसांनी ती मोकळी हसली. प्रकरण तसंच छापलं गेलं आणि पुस्तक तिच्या हातात पडलं. आमच्या घरात पुस्तक लिहिणारी ती पहिली.

ती गेली त्या दिवशी अनगोळला जाऊन तिला निरोप देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन गुऱ्हाळावर गेलो, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला समोर बसवला आणि सहीचं प्रकरण बोट लावून वाचलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आप्पा, कळलं न्हाय."

मी पानं मागं उलटली आणि पहिल्यापासनं सुरू केलं.