मॅट नखांचा माफीनामा

आखूड नखांचं काम सलूनमधल्या मुली टाळायच्या, कारण त्यात लपवायला जागाच नसते. लांब नखावर चार खडे चिकटवले, वर चकाकी मारली की गिऱ्हाईक खूश. आखूड अ‍ॅक्रिलिक नख आणि तेही मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, म्हटलं की चूक लगेच उघडी पडते. ब्रशवर पावडरचा गोळा जरा मोठा आला की नख फुगतं. घासताना एक ओरखडा राहिला तर मॅट कोटाखाली तो आणखीनच ठळक होतो. मला हे काम येत होतं. परळच्या आमच्या सलूनमध्ये मॅट नखं आणि त्यावर कापडासारखा खरखरीत पोत हवा असला की गिऱ्हाईक माझ्याच टेबलावर यायचं. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे.

सलून मॉलमध्ये होतं आणि मॉल एका बंद मिलच्या आवारात. माझे बाबा तिथून दोन गेटं पलीकडच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. संपात उतरले ते पुन्हा कामाला लागलेच नाहीत. संप विरत गेला तेव्हा त्यांच्या गेटवर एक छापील कागद ठेवला होता म्हणे. संपावर गेलो ही चूक झाली, पुन्हा करणार नाही, आणि खाली सही. सही करील तो आत. बाबांनी केली नाही, ही आमच्या भोईवाड्यातल्या चाळीची आवडती गोष्ट. आई वीस माणसांची खानावळ चालवायची, बाबा गॅलरीत बसून असायचे, आणि शाळेत माझा फ्रॉक दोनदा उसवून मोठा केलेला असायचा. तरी कोणी "तुझा बाप वाकला नाय" म्हटलं की माझी मान ताठ व्हायची.

एकदा एक नवरी आली. जवळच्याच टॉवरमधली, मराठी. तिला आखूड, दुधी रंगाची, मॅट नखं हवी होती आणि वर जाड्याभरड्या सुती कापडाचा पोत. मी अडीच तास बसले. बारीक ब्रशनं जेलच्या उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, दिव्याखाली सुकवल्या, वरून मॅट कोट दिला. मग तिला नीट बजावलं: मॅट नखाला चकाकीचं कवच नसतं, त्यामुळे ते डाग धरतं. हळदीच्या आधी यावर साधं चकचकीत नेलपॉलिश लावा, हळद उतरली की अ‍ॅसिटोन नसलेल्या रिमूव्हरनं ते पुसून टाका. खालचं मॅट जसंच्या तसं राहील. आणि तेल फक्त नखाच्या कडेच्या कातडीला, वर एक थेंबही नाही. नेलपॉलिशची छोटी बाटलीसुद्धा मी तिच्या हातात दिली. ती मान डोलवत होती, पण कानात इयरफोन होते आणि बोलणं केटररशी चाललं होतं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी ती आली ती ओरडतच. दहाच्या दहा नखं पिवळीजर्द, आणि रेघांच्या खाचांत तर केशरी. सोबत मावशी होती. तिनं स्वतःच सांगितलं की हळद चढायला नको म्हणून तिनं मुलीचे हात आधीच खोबरेल तेलानं चोळून काढले होते. आमच्याकडे सगळ्याच बायका करतात तसं, आणि कातडीवर ते चालतंही. पण खरखरीत मॅट नखात ते तेल हळदीला घेऊन खोल मुरलं. मी दिलेल्या नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडलंसुद्धा नव्हतं. मी हे सगळं सांगितलं. ऐकतंय कोण!

मी ती नखं काढून नवी लावून दिली. तेवढ्यावर भागलं नाही. नवरी इंटरनेटवर आमच्याबद्दल वाईट लिहिणार होती, म्हणून मॅनेजर मॅडमनी एक कागद टाइप करून माझ्यासमोर टाकला. चूक माझी, मी गिऱ्हाइकाला काहीही सांगितलं नाही, मला क्षमा करावी.

"मॅडम, मी सांगितलं होतं. तुम्ही बाजूलाच होता."

"अगं, माहितीये मला. दोन लाइन्स आहेत यार, इश्यू कशाला करतेस? उद्या सकाळी साइन करून आण, नाहीतर येऊच नको."

तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमला माहीत होतं आणि तरीही! कामाची मला गरज होती. आई जाऊन वर्ष झालं होतं, बाबांची औषधं चालू होती, घर माझ्या पगारावर होतं. पण बाबा कागद बघतील आणि फाडून टाकतील, मग मला जोर येईल, अशा भरवशावर मी घरी आले.

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. "सही कर गो," म्हणाले.

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं.

"समाजला माका. कर सही. मिया पण केलंय."

"काय?"

"गेटार. मिलच्या बाबूनं कागद घेतल्यान, मगे कळवतंव म्हणान सांगल्यान. कळवल्यान नाय." त्यांनी चष्मा काढला. "सही करून पण भायर रवलंय, ह्या कोणाक सांगू? तुझी आवस म्हणाली, नाय केली म्हणून सांग."

मला त्यांचा इतका राग आला की मी माझं ताट उचलून गॅलरीत जाऊन जेवले. आईचा त्याहून जास्त आला, आणि तिला जाब विचारायचीही सोय नव्हती. ज्याच्या जोरावर मी आयुष्यभर मान ताठ ठेवली ते खोटं होतं. आणि ज्यांनी बाबांची शरम लिहून घेतली आणि कामही दिलं नाही, त्यांना तर कोणीच काही विचारलं नव्हतं.

सकाळी मी वहीतलं पान घेतलं आणि घडलं ते लिहिलं. मी काय सांगितलं, कोणती बाटली दिली, तेल कोणी चोळलं, मॅडम कुठे उभ्या होत्या. खाली पूर्ण नावानिशी सही केली. एक प्रत मॅडमसाठी, एक माझ्यासाठी. मॅडमनी वाचलं आणि मला माझे ब्रश उचलून निघायला सांगितलं.

दुपारच्या आत मी घरी होते.

"सही केलंस?" बाबांनी विचारलं.

"केली. पण मी लिहिलं त्याच्या खाली."

मी माझी प्रत त्यांना दिली. त्यांनी ती अक्षर न् अक्षर वाचली, सहीवर अंगठा ठेवून बसले.

"माका ह्या तेव्हा सुचाक नाय गो," ते म्हणाले, आणि कागद परत देईनात.