दुधीने नापास केलेली गोळी

माझ्या काकाचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याचं दूध तो नखावर थेंब पाडून बघायचा. पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडीवरची पाटी वाचून त्याचं समाधान व्हायचं नाही, आत बसलेल्या प्रवाशांच्या साक्षी घ्यायचा. तोवर गाडी सुटायची, आणि त्यातही त्याला कंडक्टरचा डाव दिसायचा. आता याला कारण होतं. खाडीकाठचं आमचं मिठागर सरकारात गेलं तेव्हा कागद घेऊन आलेला साहेब म्हणाला होता, हे तुमच्या भल्यासाठीच आहे. तेव्हापासून कोणी भल्याचं नाव काढलं की काका आधी दाराला कडी लावायचा.

नव्वद सालाच्या आसपास काकीच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं हातात ठेवली. रोज एक, चांगली पाच वर्षं, तुमच्या भल्यासाठी. झालं. मी काकाच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

मी पनवेलच्या एका कचेरीत कारकून, घरातला एकटा शिकलेला, म्हणून दवाखान्यातलं बोलणं माझ्या वाट्याला. बाईंनी मला नीट समजावलं होतं. काढलेली गाठ तपासली. बायकांच्या अंगात जे हार्मोन असतं तेच या गाठीच्या पेशींना 'वाढा, वाढा' असा निरोप देतं. गोळी तो निरोप आत पोचू देत नाही. एखादी पेशी कुठे लपून राहिली असेल तर तीही त्यामुळे गप्प बसते. एवढं सगळं घरी कोण ऐकणार? मी एका वाक्यात सांगितलं, ही गोळी वाढ थांबवते.

काका म्हणाला, गाठ तर कापून टाकली, मग आता वाढणारं राहिलं काय? आणि पाच वर्षं गोळ्या कोणाच्या दुकानातून येणार, हे आधी सांग. त्यात काकीला गोळी उष्ण पडायला लागली. थंडीच्या दिवसांत ती पदराने वारा घेत ओटीवर बसायची. अंगातून अशी वाफ निघायची की शेजारीण ओले पापड घेऊन तिच्या बाजूला येऊन बसली, असं मी सांगतो ते कोणी खोटं मानत नाही. दुखत काही नव्हतं, आणि औषधानेच माणूस भाजत होतं. संशय मलाही यायला लागला.

आता काकाची एक रीत होती. नवं बियाणं असो की नवं खत, आधी परसातल्या एका वेलाला द्यायचं आणि बघायचं. दुकानदाराच्या शब्दापेक्षा वेलाचा शब्द खरा. त्याने गोळी पाण्यात विरघळवून दुधीच्या मुळाशी ओतायला सुरुवात केली. वाढ थांबवते ना? थांबवून दाखव.

दुधी पेटलाच. मांडव सोडून कौलांवर गेला, कौलांवरून शेजाऱ्याच्या अँटेनावर चढला, आणि आमच्या गल्लीतल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बातम्या हिरव्या दिसायला लागल्या. फळं अशी की खाली पडलेल्या एकावर दोन पाहुणे बसवून चहा दिला. काकाने निकाल लावला, गोळीत खडू आहे. काकीने त्याच दिवशी गोळी सोडली. आठवड्या-दोन आठवड्यांनी तिची वाफ थांबली, म्हणजे तर पुरावाच झाला.

दोन महिन्यांनी तपासणीची तारीख आली. काकाने त्यातला सर्वात लांब दुधी टॉवेलात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत आला. कंडक्टरने बाळाचं वय विचारलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू आहेत ना, असं विचारताच त्याने टॉवेल सोडून दुधी टेबलावर ठेवला.

"ही तुमची गोळी खाऊन एवढा झालाय," तो म्हणाला. "आता बोला."

बाई हसल्या असत्या तर काका तिथूनच उठला असता. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि यांनी किती दिवस घेतली नाही?"

काकी छताकडे बघायला लागली. मी सांगितलं, दोन महिने. बाईंनी पेन खाली ठेवलं.

दुधीला हा निरोप कळतच नाही, त्या म्हणाल्या, तो आत घ्यायचं दारच त्याला नाही. मग त्यांनी काकाला त्याचा धंदा विचारला. मिठागर म्हटल्यावर विचारलं, भरतीचं पाणी नको असेल तेव्हा काय करता? काका बोलणार नव्हता, पण मिठागराचं नाव निघालं की त्याला राहवत नाही. त्याने बांधातली उघाडी सांगितली, पाणी घ्यायचं-अडवायचं लाकडी दार. बाई म्हणाल्या, गोळी म्हणजे ती बंद उघाडी. खाडी आटत नाही, फक्त आत येत नाही.

काकीने छतावरची नजर खाली आणली. ती हळूच म्हणाली, "म्हंजे भरती माज्याच अंगातली हाय, बाय?"

"हो."

"आन् मी दोन महिने उघाडी उघडी ठेवली."

बाईंनी काकीला आत घेतलं. पडदा ओढला. आत त्या काकीची काख, मान, ऑपरेशनची जागा चाचपत होत्या, आणि बाहेर काका दुधीवर हात ठेवून बसला होता. मधेच त्याला टॉवेल गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा, ही एक गोष्ट मी कधी वाढवून सांगत नाही.

पडदा सरला. "आज हाताला काही लागत नाही," बाई म्हणाल्या. "आजचं सांगते. पुढचं सांगणार नाही."

परत येताना मी तयारीत होतो. वाटलं, आता काका म्हणेल, हीही त्यांची एक चाल. पण तो एवढंच म्हणाला की पुढचं सांगत नाही म्हणते, म्हणजे बाई लबाड नाय. त्याचा संशय मात्र कमी झाला नाही, फक्त माणूस बदललं. दुसऱ्या दिवसापासून काकीने गोळी गिळली की तो समोर उभा राहून म्हणायचा, "तोंड उघड. जीभ वर कर." पाच वर्षं. लग्नाला गेलो तर भर पंगतीत. काकी वाफा सोडत शिव्या द्यायची आणि जीभ वर करायची.

गोळ्या संपून कितीतरी दिवस झाले तरी ती सवयीने जीभ वर करायची. आणि तो दुधी डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतला होता. काकाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की बाईंचा डोळा पहिल्यापासून त्या दुधीवरच होता.