एकच सतरंजी

उदगीरच्या आमच्या छोट्या नाट्यगृहात खुर्च्या नाहीत. सतरंज्या अंथरायचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. नाटक कोणत्याही वस्तीतल्या हौशी पोरांचं असो, भाऊ आधी एकच सतरंजी टाकतात. ती खच्चून भरल्याशिवाय दुसरीची घडी मोडत नाहीत.

"ताई, दोन टाकल्या की दोन गावं होतेत," असं ते मला नेहमी सांगतात. बोलताना सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळत राहतात.

परवा माझं नाटक होतं. गावात सकाळपासून कसलीतरी अफवा फिरत होती, निम्मी दुकानं बंद. तरी लोक आले. पण एरवी मांडीला मांडी लावून बसणारे दोन वस्त्यांचे लोक दोन भिंतींना धरून उभे राहिले. मधली सतरंजी रिकामी. मी भाऊंना गाठलं.

"भाऊ, आज दुसरीपण टाका. लोक निघून जातील."

"न्हाई ताई. आज तर न्हाईच."

ते मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी गेले आणि बायकोला, लेकीला घेऊन आले. दोघींना त्यांनी सतरंजीच्या अगदी मधोमध बसवलं. थोड्या वेळानं एका भिंतीकडून एक म्हातारी येऊन टेकली. मग समोरच्या भिंतीकडून कोणी. घंटा झाली.

मला वाटलं, या माणसाला भीती ठाऊकच नाही.

मग रंगमंचावरून ते मला दिसले. बायको-लेकीच्या मागे बसले होते. नाटक संपेपर्यंत त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि तोंड दाराकडे.